बाबांचा पाय, माझी गाडी

‘तुझी गाडी ना, अगदी काकांसारखी चालते. विचार करून!’

माझ्याकडून फुकट लिफ्ट घेणाऱ्या एका मित्राची ही कॉमेंट. आणि वर फुकटचा सल्लाही. म्हणाला, ‘आजकालच्या गाड्या ड्रायव्हरची स्टाइल शिकतात. दहा वर्षं काकांचा पाय होता तिच्यावर, ती तुला ओळखणार कशी? मेमरी पुसून टाक बॉस. फ्रेश सुरुवात!’ ब्रेकअप झाल्यावर देतात ना, डिट्टो तसा सल्ला.

पण मुद्दा मला पटला. कारण गाडी खरंच आळशी झाली होती. दहा वर्षं जुनी, चंदेरी रंगाची ऑटोमॅटिक सेदान. सिग्नल सुटला की एक्सलेटर दाबायचा, मग गाडीनं जांभई द्यायची, आळस झटकायचा आणि मग कुठे निघायचं. तोपर्यंत मागच्या रिक्षावाल्यानं तुमच्या खानदानाचा उद्धार केलेला. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये संध्याकाळी साडेसहाला हे असलं पिकअप म्हणजे शिक्षाच!

जानेवारीत बाबांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली होती. ‘घे, तुला कामासाठी फिरावं लागतं. मला कुठे जायचंय?’ एवढंच म्हणाले. आम्ही कुणी फार विचार केला नाही. कारण त्याआधीची दोन वर्षं बाबांचं ड्रायव्हिंग हा आमच्याकडचा हमखास जोक झाला होता. चाळीसच्या वर काटा नाही, ओव्हरटेक नाही, अंधार पडला की गाडी बाहेर काढायची नाही. दादा आणि मी त्यांच्या गाडीला बैलगाडी म्हणायचो. बाबाही हसायचे.

काजळी

गॅरेजवाल्या काकांनी बॉनेट उघडलं, हवेचा पाइप सोडवला आणि मला आत बघायला लावलं. हातभर लांबीच्या नळीच्या टोकाला एक गोल पितळी रंगाची चकती. ही थ्रॉटलची झडप. इंजिनात हवा किती जाणार ते हिच्यावर ठरतं. तिच्या कडेनं काळी चिकट काजळी जमली होती. ‘कार्बन धरलाय बघा, ताई. सगळं शहरातलं चालवणं, इंजिन कधी मोकळं झालंच नाही.’ त्यांनी स्प्रे मारून, फडक्यानं पुसून चकती लख्ख केली, बॅटरीची वायर काही वेळ काढून ठेवली आणि परत लावली.

गाडी सुरू केली तर आणखीनच नवीन नाटक. उभ्या गाडीत आरपीएमचा काटा वर-खाली, वर-खाली.

‘होईल नीट. जुनं विसरलीय ती, आता नव्यानं शिकेल. शंभर-दोनशे किलोमीटर पळवा. सगळ्या प्रकारच्या रस्त्यांवर.’

बाबा शेजारी उभे होते. हसत म्हणाले, ‘म्हणजे मी शिकवलेलं सगळं गेलं?’

मीही हसले. पण घरी येताना उगीचच वाटत राहिलं, आपण काहीतरी पुसून आलो.

म्हणून मग एका मैत्रिणीला गाठलं. तिचं कामच हे आहे, इंजिनाचं कॅलिब्रेशन. पुण्यात राहण्याचा हा एक फायदा. इथे टेकडीसुद्धा गाड्यांची चाचणी करणाऱ्या संस्थेच्या नावानं ओळखली जाते, एआरएआयची टेकडी. त्यामुळे दर चार ओळखींमागे एक जण गाड्यांच्या धंद्यातला सापडतोच. एफसी रोडवर दोन कॉफ्यांच्या बोलीवर तिनं माझे फंडे क्लिअर केले.

‘गाडी शिकते हे खरं,’ ती म्हणाली, ‘पण मुख्यतः स्वतःबद्दल शिकते, तुमच्याबद्दल नाही. झडपेच्या कडेला कार्बन साठला की हवा जायची फट बारीक होते. मग कॉम्प्युटर ती झडप नेहमीपेक्षा किंचित जास्त उघडी ठेवायला शिकतो. पेट्रोल किती सोडायचं याचाही असाच हिशेब असतो, तो मागेपुढे करत राहतो. तू झडप साफ केलीस. आता जुना हिशेब लागू नाही, म्हणून काटा नाचतोय.’

‘आणि बाबांची स्टाइल?’

‘ती असलीच तर गिअरबॉक्समध्ये. तीही किती वेळ टिकते ते तूच बघ. जा कुठेतरी घाटात.’

सगळ्या प्रकारचा रस्ता

सगळ्या प्रकारचा रस्ता म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच नाव आलं. दापोली. तिथे आत्या राहते, आई आधीच एसटीनं तिच्याकडे जाऊन बसली होती. बाबांना तसंही न्यायचंच होतं. पुण्याहून दापोलीला जवळचे रस्ते आहेत, ताम्हिणीचा आहे. पण मला हवा होता लांबचा. वाई, पाचगणी, महाबळेश्वर, आणि तिथून आंबेनळी घाटानं सरळ खाली कोकणात. हायवे, चढ, पठार, उतार... एका दिवसात सगळा सिलॅबस!

२०२४ चा सप्टेंबर संपत आला होता. गणपती होऊन गेले होते, पाऊस जाता जाता रेंगाळत होता. पहाटे साडेपाचला निघालो. बाबा डावीकडे. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसत होते. बसताना सवयीनं उजव्या दारापाशी गेले, थांबले आणि वळसा घालून पलीकडे आले. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

कात्रजचा बोगदा ओलांडला आणि रस्ता मोकळा झाला. सपाट रस्त्यावर गाडी शहाण्या मुलीसारखी धावत होती. मी बाबांना मैत्रिणीकडून मिळालेलं ज्ञान ऐकवायला घेतलं.

पूर्वी एक्सलेटरच्या पेडलपासून झडपेपर्यंत एक केबल असायची. पाय दाबला की केबल ओढली जायची आणि झडप उघडायची. तुमचा पाय आणि इंजिन यांच्यात थेट बोलणं. आता मध्ये दुभाषी आलाय. पेडलला सेन्सर असतात, एकाची चूक दुसऱ्यानं पकडावी म्हणून दोन. ते कॉम्प्युटरला सांगतात, ‘बाईसाहेबांनी पाय एवढा दाबलाय.’ मग झडप किती उघडायची ते कॉम्प्युटर ठरवतो आणि एक छोटी मोटर ती उघडते. म्हणजे आपण हुकूम देत नाही, अर्ज करतो!

‘सरकारी ऑफिससारखं,’ बाबा म्हणाले. चौतीस वर्षं सरकारी ऑफिसात काढलेला माणूस. ‘मग अर्ज नीट लिहायला शिकायचं. कागद फेकला म्हणून काम लवकर होत नाही.’

खंबाटकीपाशी हे शब्दशः अनुभवायला मिळालं. आम्ही गेलो तेव्हा पुण्याकडे येणाऱ्यांना बोगदा होता आणि साताऱ्याकडे जाणाऱ्यांना घाट. पुढे उसाचा ट्रक कण्हत चढत होता. त्याला मागे टाकायला मी पाय खाडकन दाबला. अर्धा सेकंद काहीच नाही, मग गाडीनं दोन गिअर एकदम खाली टाकले, इंजिन किंचाळलं आणि आम्ही सुसाट! बाबांनी दाराच्या वरचं हँडल पकडलं. बोलले काही नाहीत. पण त्यांचा उजवा पाय मी पाहिला. तो खालच्या मॅटवर घट्ट दाबलेला होता, जिथे त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हताच.

तीन वळणांची आठवण

सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलं की जग बदलतं. दोन्ही बाजूंना जुने वड, त्यांच्या पारंब्या, मध्येच ओलं शेत. वाईत कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीला बाहेरूनच नमस्कार केला, मिसळ खाल्ली. ‘मेणवलीला जाऊ या का? ‘स्वदेस’चं शूटिंग झालं तो घाट...’ मी विचारलं. बाबा म्हणाले, ‘परत येताना. उजेड असेपर्यंत घाट उतरायचाय.’ उजेडाचा त्यांचा आग्रह मला नेहमीचाच वाटला.

वाई ते पाचगणी म्हणजे पसरणीचा घाट. अंतर बारा-तेरा किलोमीटर, पण प्रत्येक वळणावर थांबावंसं वाटतं. खाली वाई लहान लहान होत जाते, धोम धरणाचं पाणी आरशाच्या तुकड्यासारखं चमकतं, समोर पांडवगड ढगात डोकं खुपसून बसलेला.

इथे मी प्रयोग केला. आधी पाच-सहा वळणं रॅश. प्रत्येक वळण संपताच पाय झटक्यात खाली. गाडी लगेच रंगात आली. वरचा गिअर टाकायलाच तयार नाही, आरपीएम चढेच, पायाला हात लावायचा अवकाश की उडी. माझी मैत्रीण म्हणाली होती ते हेच. गिअरबॉक्सला तुम्ही पेडल किती दाबता याच्याइतकंच, किती झटक्यात दाबता तेही कळतं. झटके बसले की तो समजतो, स्वारी घाईत आहे. मग खालचा गिअर धरून ठेवतो.

मग मी बाबांसारखी चालवायला लागले. पाय हलका, दाबणं सावकाश, जणू पेडलखाली अंडं ठेवलंय. आणि काय सांगू? तीन-चार वळणांत गाडी बदलली! गिअर लवकर वर पडू लागले, इंजिनचा आवाज खाली आला, सगळं कसं मऊ मऊ.

तीन-चार वळणं. एवढीच तिची आठवण. सगळ्या गाड्यांचं गणित सारखं नसतं, पण ड्रायव्हरच्या मूडचा हिशेब बहुतेक ठिकाणी असाच ताजा, अलीकडच्या काही मिनिटांचा असतो. दहा वर्षांचा नाही. म्हणजे माझ्या मित्राची थिअरी फुस्स! गाडीत बाबांचं असं काही साठलेलं नव्हतंच. साठली होती ती फक्त काजळी.

हे मी बाबांना सांगितलं, तेव्हा ते जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. ‘दहा वर्षं चालवली आणि तीन वळणांत विसरली होय?’ म्हणाले. ‘माणसं बरी मग.’

पाचगणी मागे टाकून महाबळेश्वरच्या पठारावर आलो तर गाडी पुन्हा थोडी मंद. यात मात्र तिची चूक नाही. आपण इथे समुद्रसपाटीपासून साधारण साडेतेराशे मीटरवर असतो, हवाच विरळ. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला ढोबळमानानं दहा टक्के उतरते. कॉम्प्युटर झडप जास्त उघडून बरंच सांभाळून घेतो, पण झडप पूर्ण उघडल्यावर तो तरी काय करणार? नसलेली हवा आणणार कुठून! वेण्णा तलावाशी गाडी थांबवली, भाजलेलं कणीस घेतलं. लिंबू-तिखट चोळलेलं ते गरम कणीस, वर भुरभुर पाऊस. बाबा म्हणाले, ‘आम्ही लग्नानंतर इथेच आलो होतो. एसटीनं. तुझी आई सगळा घाट डोळे मिटून होती.’

आंबेनळी

महाबळेश्वर सोडून पोलादपूरच्या रस्त्याला लागलो आणि धुक्यानं गाडी गिळली. साधारण चाळीस किलोमीटरचा रस्ता, आणि पठारावरून थेट कोकणाच्या पायथ्याशी. प्रतापगडाचा फाटा कधी आला आणि गेला, कळलंही नाही. २८ जुलै २०१८ ला याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत कोसळली. बसमधला फक्त एक जण वाचला. दापोलीत त्या दिवसाबद्दल आजही आवाज खाली आणून बोलतात. आत्याच्या ओळखीची माणसं होती त्यात. त्यामुळे इथे आल्यावर माझी टशन आपोआप उतरली.

पण घाबरलेला पायही वाईटच. मी सारखा ब्रेक दाबत होते. वळण आलं ब्रेक, धुकं दाटलं ब्रेक, उगीचच ब्रेक. सात-आठ किलोमीटरनंतर लायनर जळल्याचा वास आला. पेडल दाबल्यावर पहिल्यासारखं घट्ट लागेना.

‘बाजूला घे,’ बाबा म्हणाले. इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता.

एका रुंद वळणावर, कठड्यापासून लांब थांबलो. वीसेक मिनिटं. ब्रेक थंड होईपर्यंत.

‘आता लिव्हर ‘डी’वरून ‘२’वर घे. आणि पाय काढ.’

‘ब्रेकवरून?’

‘दोन्हीवरून. गाडी गिअरवर उतरू दे. ब्रेक लागेल तेव्हा थोडा दाबायचा आणि सोडायचा. त्यावर पाय ठेवून बसायचं नाही.’

पाय काढला की झडप मिटते, बहुतेक नव्या इंजिनांत पेट्रोलही बंद होतं. तेव्हा इंजिन चाकांना ढकलत नाही, चाकंच इंजिनाला फिरवतात आणि त्या ओढीनं गाडी आवरली जाते. हे मला थिअरीत माहीत होतं. पण एका बाजूला दरी, समोर दहा फुटांवर पांढरी भिंत आणि पाय रिकामा... बाबा हळू आवाजात सांगत राहिले, ‘आता किंचित ब्रेक. सोड. वळणाच्या आधी, वळणात नाही. सोड. हॉर्न दे.’

एका डाव्या वळणामागून एकदम एसटी उगवली. लाल, प्रचंड, दिवे लावलेली. मी थांबले. ‘चढणाऱ्याला आधी वाट,’ बाबा म्हणाले. एसटीच्या ड्रायव्हरनं हात केला आणि ती घरघरत वर निघून गेली.

मी निघणार तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘ही मला दिसली नसती.’

‘धुकंच एवढं आहे बाबा.’

‘धुक्याचं नाही म्हणत मी.’

वायपर फिरत होते. मी गाडी तशीच उभी ठेवली, चारही इंडिकेटर लावून.

‘काचबिंदू आहे मला. समोरचं स्वच्छ दिसतं, पेपर वाचतो मी. कडेचं जातं. जातंय हेही आधी कळत नाही. दोन वर्षांपूर्वी कर्वे रोडला एक स्कूटीवरची मुलगी डावीकडून अशीच एकदम उगवली. वाचली. तुझ्याएवढीच असेल. त्या दिवसापासून मी चाळीसच्या वर गेलो नाही. रात्रीची काढली नाही. जानेवारीत डॉक्टर म्हणाले, आता बास.’

‘आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत?’

‘तुम्ही बैलगाडी म्हणून हसत होतात. ते बरं होतं.’

आईला माहीत होतं. अर्थात.

मला काय बोलावं कळेना. दोन वर्षं मान जास्तीची वळवत, वेग कमी करत, कमी दिसण्याशी जुळवून घेत हा माणूस गाडी चालवत होता. त्याला आम्ही भित्रा ठरवून मोकळे झालो. आणि ती सवय गाडीतून पुसून काढायला मी गॅरेजमध्ये पैसे मोजले. शेजारी त्यांनाच उभं करून.

‘चल,’ बाबा म्हणाले. ‘पाय काढ. दुसऱ्यावरच राहू दे.’

पोलादपूर येईपर्यंत धुकं वर राहिलं, ऊन पडलं, काचा खाली केल्या तर दमट गरम वारा आत आला. मॅटवरचा बाबांचा पाय सैल पडला होता. ते झोपले होते.

दापोली, आणि परत

कशेडी, खेड आणि मग दापोलीचा तो लाल मातीचा, दोन्ही बाजूंनी हिरवागार रस्ता. आत्याकडे कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि अंगणात गाडी बघायला जमलेली शेजारची पोरं. इंजिनचा काटा एव्हाना जागेवर स्थिर झाला होता. गाडी स्वतःला पुन्हा शिकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंगणात गाडी पुसत होते. मीही फडकं घेतलं. ‘पुढच्या तपासणीला मी येते तुमच्याबरोबर,’ म्हटलं. ते म्हणाले, ‘ये. सकाळची वेळ असते, तुला उठायला लागेल.’ बास, एवढंच.

पुण्यात आल्यावर चार दिवसांनी तोच मित्र पुन्हा लिफ्टला. सिग्नल सुटला, मी अंड्यावरून पाय ठेवावा तशी गाडी काढली. डावीकडे दोनदा बघितलं. मागचा रिक्षावाला नेहमीप्रमाणे कोकलला.

मित्र म्हणाला, ‘मेमरी पुसली ना? अजून काकांसारखीच चालते की ही!’

‘गाडी नाही रे,’ मी म्हटलं, ‘मी.’

जाणार असाल तर...

• पावसाळ्यात आंबेनळीत दरडी कोसळतात, रस्ता बंद होऊ शकतो. निघण्याआधी चौकशी कराच.

• उतारावर ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्ये सोडू नका. ‘२’, ‘एल’ किंवा मॅन्युअल मोडवर खालचा गिअर घ्या. जळका वास आला की सुरक्षित जागी थांबून ब्रेक थंड होऊ द्या.

• पिकअप कमी वाटलं तर आधी थ्रॉटल बॉडी आणि एअर फिल्टर बघून घ्या. साफ केल्यावर काही गाड्या चालवता चालवता पुन्हा शिकतात, काहींना स्कॅनर लावावा लागतो.

• घरातलं कुणी अचानक फार हळू चालवू लागलं तर हसू नका, विचारा. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, पण वेळेत कळला तर उरलेली जपता येते. आई-वडिलांना असेल तर तुमचेही डोळे तपासून घ्या.